हातचा

११ डिसेंबर
कोबी चार, मुळे सहा, जाडं मीठ एक पोतं.
गॅसवाल्याची बाकी दिली.
कालवं फोडली सत्तावीस किलो.
उजव्या हातमोज्याला भोक.

१३ डिसेंबर
तो बोटीवरून पहाटे येतो, मी पहाटे शेडवर जाते.
तोंगयोंगच्या या चढावरच्या खोलीत
आमच्या चपलांची तेवढी दारात गाठ पडते.
लग्नाला सात महिने. दोघांचंही दुसरं.
चोपन्नाव्या वर्षी कुणी लाजतं का,
असं नणंद म्हणाली.
लाजतं.
तेल एक बाटली.

१४ डिसेंबर
वहीत कुणीतरी पेन्सिल चालवलीय.
माझ्या बेरजेखाली, बारीक अक्षरात:
"हातचा एक विसरलीस."
कुणीतरी म्हणजे काय, घरात आहेच कोण.
बेरीज सुधारली. राग आला थोडा.
मग दिवसभर सुरी चालवताना
तो हातचा एक
खडीसाखरेसारखा तोंडात घोळत राहिला.

१५
मुद्दाम चुकले.

१६
त्याने दुरुस्त केलं, आणि खाली:
"निघण्याआधी तासभर तुझ्या बाजूला झोपतो.
गादी गार लागत असेल तर कळव."
मला वाटायचं, जमीन तापते म्हणून ऊब.
कळवलं नाही काही.
हातांचा वास जात नाही कालवांचा.
लिंबं पाच. उगाच महाग.

१९
वादळ. बोटी बांधलेल्या. शेडला कुलूप.
छुन-बे समोर बसला, माझे हात मागितले.
मी पाठीमागे लपवले, लहान पोरीसारखे.
त्याने वाट पाहिली. मासेमाराला ती येते.
मग एकेक चीर मोजत मलम लावलं,
अंगठ्याला तीन, तर्जनीला दोन,
आणि मनगटावरच्या जुन्या वणाशी थांबला.
कुणी दिला, विचारलं नाही.
तिथे ओठ टेकवले.
खिडकीची काच रात्रभर खडखडत होती.
"इकडं बघ" एवढीच हाक मारणारा माणूस
अंधारात माझं नाव म्हणाला, ग्वी-रे,
दोन्ही अक्षरं सावकाश,
सुटे पैसे मोजून परत करावेत तशी.

खर्च: मेणबत्ती एक.
जमा:

२०
समुद्र निवला. तो गेला.
हातमोजे नवे, दोन जोड. मी आणले नव्हते.
पावती वहीत खोचलेली.
आजची बेरीज त्याच्या अक्षरात. तपासली.
एक जास्त धरलाय.
राहू दे.