पाठीमागचे चिमटे

पत्रिकेवर माझं नाव पेनानं लिहिलेलं होतं,
तेही चुकीचं. पिसेचं भिसे.
तरी गेलो. दसरा चौकात रिक्षा सोडली.
चपला बाहेर काढायच्या का, क्षणभर कळेना,
आत सगळे बूट घालूनच फिरत होते
आणि देवळातसुद्धा कुणी बोलत नाही इतकं हळू बोलत होते.

पन्नास वर्षांचे फोटो. हावळांचे.
प्रत्येक चेहऱ्याखाली चिठ्ठी: नाव, साल, मासिक.

ही नायिका. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ.
"चोळी कशी अंगावर ओतल्यासारखी बसलीय," एक बाई म्हणाल्या.
बसली नव्हती, बाई.
मागं चौदा चिमटे होते, लाकडी, धुण्याचे,
घरच्या दोरीवरनं ओरबाडून आणलेले.
माझ्या बायकोचं ओलं लुगडं त्या दुपारी
वाऱ्यानं शेजारच्या परड्यात जाऊन पडलं.
चार दिवस आमटीत मीठ नव्हतं.

हा पैलवान. सुटिंगच्या कापडाची जाहिरात.
तालमीतनं तसाच उचलून आणलेला,
आणि कोट आलेला मुंबईच्या मापाचा.
मी कात्री घेतली, कॉलरपासून कमरेपर्यंत
कोट पाठीत उभा फाडला,
नाड्यांनी आवळला, बैलाची झूल बांधतात तसा.
समोरून बघा: साहेब.
मागं उघडी पाठ, खांद्याखाली
तांबड्या मातीचा पुसायचा राहिलेला एक डाग,
आणि सारखं आपलं, "पिसेमामा, वारं लागतंय."

या तिसऱ्या फोटोबद्दल मी बोलणार नाही.
कमरेची शिवण दोन इंच सोडली होती, एवढंच.
तिनं माझ्याकडं बघितलं. मी सुईकडं.
हावळांनी काही न विचारता दिवा डावीकडं सरकवला
आणि पोटावर सावली घेतली.

मग कॉलेजची पोरं घोळक्यानं आली,
आरशाच्या फोटोपाशी थांबली.
"सर, इथं कडेला कुणाचं तरी बोट आलंय.
क्रॉप करायला पाहिजे होतं."
सरांनी चष्मा वर सारला.
"मुद्दाम असणार. चौकट मोडायचा विचार आहे त्यात."
मी हात खिशात घातला.
ते मधलं बोट, त्यावरचं पितळी अंगुस्तान,
एकोणऐंशी साली बाहेर डोकावलं
कारण मनगटावर डास बसला होता.
पण हावळ एक नख दिसलं तरी फोटो फाडून टाकायचे.
हा का ठेवला,
तेवढं विचारायचं राहून गेलंय.

सहाच्या सुमारास हावळांना आणलं.
नातवानं खुर्चीतून उठवून भिंतीपुढं उभं केलं.
बंदगळा तोच, राखाडी, माझ्याच हातचा,
आतला माणूस मात्र निम्मा उरलेला.
कापड खांद्यावरनं
रिकाम्या पोत्यासारखं लोंबत होतं.
वर्तमानपत्रांचे फोटोवाले गुडघ्यांवर बसले.
भिंतीवरची मंडळी सगळी तरुण, ताठ,
आपापल्या उजेडात.

कुणी सांगितलं नाही.
मी मागं गेलो,
पाठीवरचं कापड मुठीत गोळा केलं,
एक पट, मग आणखी एक,
मणक्यापाशी धरून ठेवलं.
मुठीला त्यांचा श्वास लागत होता,
थांबत, विचार करत, परत लागत.

मान न वळवता म्हणाले, "कोण? पिसे?"
"व्हय."
"डावीकडं झोळ आलाय बघ."
आलेला नव्हता.
तरी ओढला जरासा.

"ओ मागचे काका, खाली व्हा, दिसताय तुम्ही."

झालो.
गुडघे कडकडले. मूठ सोडली नाही.