डिझेलचा कान

डिचोलीच्या शोरूममध्ये एसी इतका गार
की गुडघ्यांना वाटलं, पहाटेची पाळी आहे.
आग्नेल नावाचा पोरगा, गळ्यात टाय,
वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढतो.
डावीकडे पेट्रोल. उजवीकडे डिझेल.
"अंकल, महिन्याचं रनिंग किती?"

रनिंग.
एकोणीस वर्षं मी खाणीवरून
आमोण्याच्या जेटीवर माती ओतली,
दिवसाला सहा खेपा, कधी आठ.
माझ्या बनियनचा मूळ रंग
कालिंदीलाही आठवत नसेल.
ते सांगू, की हल्लीचं?

हल्लीचं म्हणजे शुक्रवारी म्हापशाचा बाजार,
सोमवारी नार्व्याचं देऊळ,
तिच्या साखरेचा डॉक्टर,
आणि वर्षातून दोनदा चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव,
लेकीकडे,
डिकीत नारळ, सोलं, आणि नको म्हणत असताना घातलेला फणस.

आग्नेल ओठ हलवत बेरीज करतो.
"चारशे किलोमीटर. तुम्हाला पेट्रोलच बरं.
डिझेलला दीड लाख जास्त जाणार,
ते वसूल व्हायला…"
कॅल्क्युलेटरवर बोट थांबतं.
"एकोणीस वर्षं."
मी एकसष्टचा.
पोरगा सभ्य घरचा, पुढची बेरीज त्याने मनात ठेवली.

मी म्हटलं, बाबा, पण ओढ?
डिझेल म्हणजे खालच्या आवाजात बोलणारा माणूस.
ओझं पाठीवर आल्याशिवाय
त्याचा खरा स्वभाव कळत नाही.
घाटात दुसऱ्या गियरवर पेट्रोल किंचाळतं,
डिझेल नुसतं हूं म्हणतं, आणि चढतं.

"ते जुनं डिझेल, अंकल.
आताच्या गाड्यांच्या पोटात जाळी असते.
काजळी तिथे साठते, ती जाळायला
गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते, एका दमात.
गावातल्या गावात फिरवली तर गुदमरते.
मग समोर पिवळा दिवा लागतो."

मी गप्प झालो.
खाण बंद पडली त्यानंतरची दोन वर्षं
मी घर ते तिठा, तिठा ते घर,
चहा, पेपर, पुन्हा तिठा.
दिवा लागला होता. कुणी बघितला नाही.
म्हणजे, एकीने बघितला.
तिने न बोलता मला परसातली विहीर उपसायला लावली,
नंतर गडगा बांधायला,
नंतर बांधलेला गडगा मोडून हातभर पलीकडे.

ती आता पेट्रोलच्या गाडीत पुढे बसलीय,
सीटच्या शिवणीवर नख फिरवतेय.
मी चावी फिरवली.
"सुरू करा की," ती म्हणाली.
सुरूच आहे.
"मग आवाज?"
हाच आवाज.

ती थोडा वेळ ऐकत राहिली, न आलेलं काहीतरी.
"रस्त्याला चारशे ट्रक असायचे.
तरी पिंपळाच्या वळणावर तुमचा गियर पडला
की मला कळायचं. मग मी भात उतरवायचे."
आणि काचेतून समोर बघत,
"हीच घ्या. आता वाट कुणाची ऐकायचीय?"
हे सुख होतं की तक्रार,
मला एवढ्या वर्षांनीही नीट वाचता येत नाही.

गाडी आली. पांढरी. लाल धूळ दिसेल म्हणून मला नको होती,
दिसेल म्हणूनच तिला हवी होती.

साखळीच्या पंपावर मी सवयीने म्हटलं, डिझेल, फुल्ल.
पोराने झाकणावरचं वाचलं,
मग माझं तोंड वाचलं.
कालिंदी पदरात हसली,
बिल येईपर्यंत हसत राहिली.

मागे रांगेत एक टिपर उभा होता,
रिकामा, अंगभर तीच जुनी माती.
इंजिन धडधडत होतं,
पण चार ठोक्यांमागे एक ठोका लंगडा.
इंजेक्टर गळतोय, मी म्हटलं. कुणालाच नाही.
ड्रायव्हर कोवळा, कानात गाण्याच्या वायरी.

मी काच खाली घेतली.