ओळ सहाशे बारा

व्होरूत फेब्रुवारी. तळं गोठलेलं,
त्यावर कोणाच्या तरी स्लेजची वळणं.
हेल्येच्या स्वयंपाकघरात, बीटच्या सूपशेजारी,
पॅकेज बांधून व्हायला चार मिनिटं लागतात.
चौथ्या मिनिटाला पिवळी ओळ:

इशारा: बायनरी फाइल आढळली.
मूळ स्रोत सोबत नाही.

फाइल म्हणजे शब्द. एक्केचाळीस हजार,
एकाखाली एक.
भूगोलाच्या मास्तरांनी, हिल्लार पाजूंनी,
सायकलवरून वाडीवाडीत हिंडून जमवलेले.
शेवटी क्यू लिहायचा आणि घशातच गिळायचा, असले.
राजधानीत उच्चारले की लोक हसतात, असले.
यात यंत्राचं काय आहे?
हे तर कोणीही वाचावं,
निदान त्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांनी तरी.

पण तपासनीस सगळं वाचतच नाही.
पहिले आठ हजार बाइट हुंगतो,
त्यात कुठे शून्य लागलं
की ठरवून मोकळा होतो: हे माणसाचं नव्हे.
शितावरून भाताची परीक्षा,
आणि हाती लागलं ते शीत नव्हे, खडा.

तार्तूचा आइन फोनवर म्हणाला,
गप्प बसव त्याला. अपवादाची एक ओळ टाक.
सगळेच टाकतात.
हो. साप साप म्हणून इतकी भुई थोपटलीय त्यानं
की आता खरा निघाला तरी
आम्ही पाय वर घेणार नाही.

(आणि शेजारच्याच फोल्डरात
एक तयार तुकडा बसलाय, अक्षरांच्या वेशात,
ओळीला बरोबर शहात्तर, इस्त्री केल्यासारखा.
कोणी बनवला, कशापासून, कोणाला ठाऊक नाही.
त्याला कोणी हटकलं नाही.
संन्यासी मात्र सुळावर.)

हेल्येनं अपवाद टाकला नाही.
फाइल उघडली, बोट ठेवून खाली खाली गेली.
ओळ सहाशे बारा: आहि.
आहि म्हणजे भट्टी, भिंतीतच बांधलेली,
हिवाळ्यात जिच्या पाठीला पाठ लावून बसायचं ती.
आणि शब्दाच्या पोटात ते शून्य.
अक्षर नाही, मोकळी जागाही नाही,
डोळ्याला काहीच नाही.

वीज गेली असेल. डिस्क जुनी असेल.
तिला उगाच वाटलं,
मास्तर लाकूड सारायला उठले असतील,
बोटं शेकून परत आले असतील.

तिनं शून्य काढलं. पिवळी ओळ गेली.
तिच्या जागी दुसरी:

इशारा: फाइल मूळ प्रतीशी जुळत नाही.

हे मात्र खरं होतं.

आणि पहिल्या इशाऱ्याचं दुसरं वाक्यही,
म्हटलं तर. मास्तर नोव्हेंबरात गेले.
तपासनिसाला हे कळलं असण्याचं
काही कारण नाही.

बदलांच्या नोंदीत तिनं लिहिलं:
सहाशे बाराव्या ओळीतून एक शून्य काढलं.
शब्द तोच आहे.

सूप निवलं होतं.
उचलून आहिवर ठेवलं.