मिसिंग

माधवनगर रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
दस्तगीर शिकलगार बॉनेटवर कोपर टेकून नुसता उभा.
हातात पाना नाही, काही नाही.
"बोलू द्या तिला आधी."

होंडा सिटी, दोन हजार एकची,
माझ्याकडे येऊन अडीच महिने झालेली.
सिग्नलला थांबली की थंडी भरल्यासारखी थरथरायची.

तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला मी.
पाठमोरी उभी राहून सांगायचे
कुणाची करंगळी आळस करतेय.
म्हणून ऐकू आलं मलाही:
तीन ठोके, आणि एक कोरी जागा.
दोन शब्दांमधली नव्हे. शब्दाच्या आतली.

"मिसिंग मारत्या," तो म्हणाला.
"एक, तीन, चार, दोन, असं पेटतंय हे.
वळीनं पेटलं तर गचकं खाईल."
पटलं. बोटं तरी कुठं ओळीनं पडतात?

मग चालू इंजिनची त्यानं एकेक वायर उपटली.
पहिली काढली, गाडी गुदमरली.
दुसरी काढली, गुदमरली.
चौथीलाही तेच.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.
तेवढीच थरथर, तेवढाच धूर.

"जी काढून फरक पडत न्हाई, तीच आजारी,"
एवढं बोलून त्यानं पोराला चहाला पिटाळलं.
मी उगाचच घरातली माणसं
एकेक करून उपटून पाहायला लागले.
थोरल्या जाऊबाईंपर्यंत आले होते.
माझा नंबर लागायच्या आत चहा आला.

दोनची वायर तीनला, तीनची दोनला.
दुखणं उठलं, वायरीबरोबर चालत गेलं,
दोन नंबरला जाऊन बसलं.
"म्हंजे इंजिन निरोगी हाय. वाचलासा.
ट्यूब बंद कर रे."

अंधार. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास.
न्हाव्याच्या बाटलीनं त्यानं पाण्याचा फवारा मारला
आणि वायरीच्या मानेतून
निळी, नखाएवढी ठिणगी
बाहेरच्या बाहेर उडी मारताना दिसली.
छान होती दिसायला.
मी बोलले नाही, बिल वाढलं असतं.

प्लग खोलायच्या आधी त्याची विहीर पुसायची असते,
नाहीतर कचरा आत सांडतो.
त्यानं स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून
तीन नंबरच्या विहिरीत फिरवली.
चिंधीला गाळ आला.
वाळलेला, पिठासारखा.
चिमटीत चोळून पाहिला त्यानं, मीही पाहिला.
सांगलीत हा कुणाला ओळखून द्यावा लागत नाही.

"कृष्णाबाई येऊन गेल्यात की हितं. कुणाची गाडी?"
"सांगलवाडीच्या जिनपाल मगदूमची. माझाच विद्यार्थी."
"पाण्यात हुती, म्हणाला न्हाई?"
"नव्हती, असंही नाही म्हणाला."

फोन काढला. नाव शोधलं.
अंगठा नावावर धरून उभी राहिले.

त्याच पुरात खणभागातल्या क्लासची अकरा मशिनं
पाच दिवस पाण्याखाली होती.
रॉकेलनं धुतली, गच्चीवर वाळवली, तेल घातलं.
तासगावच्या रेवती जमदाडेनं घेतली, तिला नवा क्लास काढायचा होता.
प्रत्येक मशिनवर तिनं स्वतःचं नाव उठवून पाहिलं.
तिच्या नावात ळ नव्हता.
सात नंबरच्या खिळ्यावरचा ळ गंजून गेला होता.
हळद लिहिलं की हद.
गाळ लिहिलं की गा.
मला माहीत होतं.
नोटा दोनदा मोजून घेतल्या,
त्यात भर घालूनच तर ही गाडी.

फोन पर्समध्ये टाकला.
"सेट केवढ्याला?"
"चौदाशे. एकच बदलली तरी चालतंय,
पर बाकीच्या तिन्ही बी त्याच पाण्यातल्या हैत."
"चारही बदला."

विश्रामबागच्या सिग्नलला गाडी उभी,
चालू आहे की नाही कळू नये इतकी गप्प.
उजव्या करंगळीनं शिफ्ट, डाव्या तर्जनीनं ळ,
स्टिअरिंगवर दाबत बसले होते.
मागचा टेम्पो हॉर्न देत होता, बहुतेक बराच वेळ.