दुसरी प्रत

नाव झाकायची रीत साधी आहे.
मूळ पान काचेवर पालथं घालायचं, प्रत काढायची,
प्रतीवरच्या नावावर काळं मार्कर फिरवायचं
आणि त्या काळ्या केलेल्या पानाची
पुन्हा एक प्रत काढायची.
नवी पोरं ही दुसरी प्रत हमखास विसरतात.
मग मी त्यांना खिडकीशी नेतो, पान उजेडात धरतो.
बघा, शाईखाली शाई.
झाकलंय कुठे? नुसतं पांघरूण घातलंय.

टार्टूत फेब्रुवारीतलं ऊन आडवं येतं,
दोनच्या सुमाराला, वाचनकक्षाच्या सहाव्या टेबलापर्यंत.
पुढे जात नाही.

काल एक बाई आल्या. वय बाहत्तर.
बुटांवरचा बर्फ दाराशी नीट झटकून.
अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं :
मी कुणाची?

खोका काढला. बालकगृह, एक्कावन्न साल, वही तिसरी.
वजन दोन किलो नऊशे.
डाव्या कानामागे तीळ.
सोबत राखाडी लोकरी मोजे, एक जोड, पैकी एक उसवलेला.
नाव गृहानंच ठेवलेलं, वाइके.
आमच्याकडे ह्याचा अर्थ होतो शांत.
शेऱ्यात : दूध पिते. रडत नाही.

आणि समासात पेन्सिलीनं,
शाळकरी गोल अक्षरात,
एकोणीस वर्षांच्या मुलीनं लिहिलेलं :
माझं नाव तिला सांगू नका.
'नका'खाली दोन रेघा,
दुसरी कागद फाटेपर्यंत.

मी मरणाची नोंद शोधली. नाही सापडली.
म्हणजे कायद्याच्या लेखी ती आहे,
एक्क्याण्णव-ब्याण्णवची, कुठल्याशा गावात,
चुलीत लाकूड सारत असेल,
आणि अजून म्हणत असेल, नका.

नाव झाकलं. गावही झाकलं.
पेन्सिलीच्या ओळीबद्दल नियमात काही नाही.
ती तशीच राहू दिली.
बरं केलं का, ते मला आजही ठरवता येत नाही.

मग यंत्राचं झाकण उचलून उभा राहिलो.
काच कोमट होती.
दुसरी प्रत मी काढली नाही.

त्यांना सहावं टेबल दिलं.
दोन वाजायला दहा कमी.

त्या मोज्यांपाशी बराच वेळ थांबल्या.
'उसवलेला' ह्या शब्दावरून बोट फिरवलं,
जणू टाका घालायचा राहिलाय.
ऊन आलं, कागदावर पसरलं.
पान त्यांनी उचललं नाही.
काळ्या पट्टीवर तळहात ठेवून
एवढंच विचारलं :
"ही ओळ पेन्सिलीचीच ना?
म्हणजे खोडता आली असती."

मी म्हटलं, हो.

पाकीट मागितलं, पानाची घडी घातली,
काळी बाजू आत.
गेल्या.

आता ते पान त्यांच्या घरी आहे.
त्यांच्या घराला खिडकी असेलच.

आज सकाळी नव्या पोरांना रीत शिकवली,
पहिली प्रत, मार्कर, दुसरी प्रत.
एकानं विचारलं, दुसरी कशाला?
मी उठलो
आणि पडदा ओढून घेतला.