सातवी काच

पोर्तो शहरात घरं इतकी चिंचोळी, इतकी खेटून
की बाजूला खिडकी काढायला भिंत उरत नाही.
म्हणून जिन्याच्या डोक्यावर काढतात,
लंबगोल, लाकडी बरगड्यांची, बारा काचांची.
क्लाराबोया म्हणतात तिला इथे.
उजेड तिथून खाली उतरतो, कठड्याला धरून,
म्हाताऱ्या भाडेकरूसारखा, सावकाश.

आमची सातव्या काचेशी गळते.
थेंब सुटला की तीन मजले पडतो,
मधे कुणाच्याच मालकीचा नसतो,
आणि तळाला फाउश्तोच्या सायकलच्या सीटवर फुटतो.
सीटला त्यानं पावाची पिशवी बांधलीय.
तो काही बोलत नाही.
पिशवी बोलते.

दर ऑक्टोबरात माझा भाऊ वर चढायचा.
आदेरितु. शब्द कमी, सिलिकॉन फार.
ओल दिसेल तिथे नळी दाबायची,
वरून बोट फिरवायचं, बोट विजारीला पुसायचं,
म्हणायचं, "झालं."
नोव्हेंबरात पुन्हा टप्.
पुढल्या ऑक्टोबरात आणखी एक नळी.
अशी एकोणीस वर्षं.
आता तो आणि त्याचे गुडघे
लक्झेंबर्गला, लेकीकडे.

यंदा मी चढले. वय अठ्ठावन्न, पायात रबरी बूट,
कमरेला दोर, दोराचं टोक फाउश्तोच्या मुठीत.
सायकलपायी का होईना, माणूस घट्ट धरतो.
धुराड्यावर एक सीगल बसलेली,
मुकादमासारखी.

पटाशीनं खरवडत गेले.
आधी पांढरं सिलिकॉन, मग पिवळं पडलेलं, मग राखी,
त्याखाली डांबर, बहुधा बाबांच्या हातचं,
डांबराखाली गोणपाटाची पट्टी,
आणि तिच्याखाली खरी लांबी, जवसाच्या तेलातली,
दगड झालेली.
तीत एका पक्ष्याचा पाय उमटलेला. तीन बोटं.
ओली असताना कुणी चालत गेलं असेल
माझ्या जन्माच्या आधी कधीतरी.
मी वर पाहिलं.
मुकादमानं मान फिरवली.

लांबी तशीच राहू दिली. काच शाबूत, तडा नाही.
बादलीभर पाणी ओतलं. दुसरी बादली ओतली.
"कोरडं!" फाउश्तो जिन्यातून ओरडला,
जरा नाराजच वाटला.

मग चौकटीच्या खालच्या अंगाला बोट अडखळलं.
तीन भोकं, काडेपेटीतल्या काडीएवढी,
घडवणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेली.
चार बिऱ्हाडांची वाफ: कोबीचं सूप, आंघोळी,
कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी,
तिसऱ्या मजल्यावरच्या आल्झिराचं रात्रभर खोकणं,
सगळं वर जातं, गार काचेला टेकतं, पाणी होतं,
आणि आतल्या पन्हळीतून इथून
बाहेर पडायचं.
तिन्ही भोकं बुजवलेली. नीट. मन लावून.
रोग हल्याला, औषध पखालीला.

पाऊस एकदाही आत आला नव्हता.
एकोणीस वर्षं आमचंच पाणी
वाट विचारत परत येत होतं.

विणायची सुई घातली.
पहिल्यातून भुसा निघाला, दुसऱ्यातून काहीच नाही.
तिसऱ्यातून आधी एक काळा थेंब, मग धार, बारीक,
कौलांवरून पन्हळीकडे निघालेली,
घाई नसलेली.

रात्री फोन केला.
"किती नळ्या लागल्या?" त्यानं विचारलं.
म्हटलं, "एकही नाही. खाली भोकं होती रे, तीन."
पलीकडे टीव्ही चालू होता, नात हसत होती.
"ती?" तो म्हणाला. "ती मला
किड्यांनी पाडलेली वाटायची."
मग बराच वेळ
दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

आज डिसेंबरची नऊ तारीख.
जिना कोरडा, उजेड नेहमीसारखा हळू.
फाउश्तोनं पिशवी अजून सोडलेली नाही.
म्हणतो, फेब्रुवारी जाऊ दे.