गुजरीतला गाळ

पहाटे साडेचारला गुजरीतली शटरं अजून झोपलेली असतात
आणि जैबुन झारेकरीण उकिडवी बसून
नाली खरवडत असते.
पत्र्याचा तुकडा, झिजलेला कुंचा, एक घमेलं.
कारागिरांच्या चुळा, पानाच्या पिंका, तेजाबाचं पाणी,
कानशीखालून उडालेला, डोळ्याला न दिसणारा कीस,
सगळं एकाच उतारानं वाहत येतं.
ती सगळंच उचलते. निवडायचं नंतर.

मी एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं,
जेवणानंतरच्या तासाला, डुलक्या घेणाऱ्या पोरांना.
फळ्याच्या मधोमध रेघ मारायचो.
डावीकडे : मुळात चांगला, संगतीनं बिघडतो.
उजवीकडे : मुळात लांडगा, कायद्यानं माणसाळतो.
खाली कोपऱ्यात, घंटा व्हायच्या घाईत,
सत्त्व, रज, तम,
जन्मतःच पापी म्हणणारे, कोरी पाटी म्हणणारे.
डस्टर फिरवलं की सगळ्यांचा खडू
एकाच रंगाचा होऊन माझ्या बाहीवर बसायचा.

आता झोप येत नाही म्हणून इथवर चालत येतो.
अंबाबाईच्या देवळातली घंटा ऐकत
जैबुनच्या शेजारी पायरीवर टेकतो.
एकदा विचारलं तिला,
गाळात सोनं असतं, की सोन्याला गाळ लागतो?
ती म्हणाली, "मास्तर, चा घेनार काय?"

मग घमेलं हेलकावत तिनं आपणहून सांगितलं.
दोनदा घबाड गावलं होतं.
पहिल्यांदा सात मोत्यांची कुडी.
गल्लीत चिटपाखरू नव्हतं.
दुकान उघडेपर्यंत चार तास मुठीत धरून बसली
आणि देऊन आली.
"का दिली कुनास ठावं. तवा उपडा हुता त्या दिशी."
दुसऱ्यांदा पाटलीचा तुकडा.
सराफ समोरच उभा, घामाघूम, शोधत;
वीस वर्षं ईदला शेवया-साखर पाठवणारा.
म्हणाला, जैबुन, बघितलंस का काही?
तिनं नुसती मान हलवली, न्हाई म्हणून.
तुकडा जिभेखाली होता.
"घरात मटान शिजत हुतं, मास्तर. भूक न्हवती.
मग काय हुतं त्ये?"

माझ्या फळ्यावर याला जागा नव्हती.

मला रेंदाळचा सुकुमार मगदूम आठवला,
रात्रभर पैंजणांना घुंगरू जोडून सकाळी वर्गात येणारा.
पेपरात त्यानं लिहिलं होतं :
सर, आमच्यात चांदी आटवतात. दर आटणीला घट येते.
सगळे उरलेली चांदी तोलतात.
घट कुठं जाते ते मात्र कोण विचारत नाही.
मी त्याला वीसपैकी चार दिले.
अभ्यासक्रमाबाहेरचं आहे, असं सहकाऱ्यांना सांगितलं.
त्याचं उत्तर माझ्या नोट्सपेक्षा चांगलं होतं,
हे आज पहिल्यांदा सांगतोय,
तेही नालीच्या काठावर, थंड होत चाललेल्या चहाला.

जैबुननं बाटलीतून पारा सोडला.
तो गाळातून वळवळत गेला,
लोखंडाला शिवला नाही, काचेला शिवला नाही,
नेमका हवं ते पोटात घेऊन जड झाला.
मला वाटलं, आपल्यातही असेल असं काही.
विचारणार होतो,
तेवढ्यात तिचा हात दिसला.
पेला धरला की थरथरतो. पाऱ्याच्या धुरानं, म्हणाली,
आईचाबी असाच हुता.

उजाडलं. मसुरीएवढा ऐवज तिनं पदराला बांधला
आणि उरलेला गाळ परत नालीत ओतला.
"टाकायचा कशाला, मास्तर. ह्यात आजून असंल."

घरी येऊन मी चपलेचा तळ उन्हात धरला.
काही दिसलं नाही.
धुतला मात्र नाही.